भाकरीचा कोर

मोझरीत कुणालाही विचारा, तुमचं लेकरू पहिल्यांदा जेवलं कधी, तर उष्टावणाचा दिवस सांगतील. मामा आला होता, चांदीच्या वाटीत खीर होती, सोन्याची अंगठी खिरीत बुडवून बाळाच्या जिभेला लावली, फोटो काढले. तो दिवस खरा आणि त्याचा मानही खरा. पण अंगणवाडीत उभी हयात गेल्यावर माझं मत असं झालंय की त्या दिवशी लेकराला जेवू घालतात. ते स्वतः जेवतं पुढं कधीतरी, चुलीजवळ, हातात आलेला भाकरीचा कोर तोंडात कोंबून. त्या दिवसाची तारीख कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून त्याचा इतिहासही कुणी लिहीत नाही. मला तो लिहावासा वाटतो.

मी गुरुकुंज मोझरीची. अमरावतीहून नागपूरकडं निघालं की तिवसा तालुक्यात हमरस्त्यालाच आमचं गाव लागतं. १९३५ साली तुकडोजी महाराजांनी इथं आश्रम उभा केला आणि मोझरीची गुरुकुंज मोझरी झाली. माझी आजी यावलीच्या बाजूची, म्हणजे महाराजांच्या जन्मगावाकडची. लग्न होऊन इकडं आली. तिच्या चुलीपुढं आम्ही सगळी नातवंडं खायला शिकलो. पुढं अंगणवाडीत मी आयांना जे सांगत राहिले, त्यातलं निम्मं आजीकडचं होतं आणि निम्मं प्रशिक्षणातलं. दोन्ही कुठं जुळतं आणि कुठं जुळत नाही, हे पाहण्यातच माझी नोकरी सरली.

वऱ्हाडचं मूळ खाणं ज्वारीचं. आज आमच्या शिवारात सोयाबीन, तूर आणि कपाशी दिसते; आजीच्या काळी घरात वर्षाची ज्वारी भरलेली असली की घरधनी निश्चिंत असे. सकाळी काठवटीत पीठ घ्यायचं, आधणाचं पाणी घालायचं, तळहाताच्या जोरानं मळत राहायचं. मग थापून भाकर तव्यावर टाकायची, वरून पाण्याचा हात फिरवायचा, आणि एक बाजू झाली की चुलीच्या तोंडाशी इंगळावर उभी करायची. इंगळाकडचा काठ कडक होई, त्यावर काळे डाग पडत. भाकर फुगली की वरचा पापुद्रा सुटे. हा पापुद्रा आजी लेकराला कधीच देत नसे. पातळ पापुद्रा ओला झाला की टाळूला चिकटतो, आणि टाळूला चिकटलेलं लेकराला गिळताही येत नाही, थुंकताही येत नाही. ती द्यायची काठ. जाड, मोठ्या माणसाच्या बोटाएवढा लांब, लेकराच्या मुठीतून अर्धा वर निघेल असा.

ही लांबी उगीच नव्हती. सहा-सात महिन्यांच्या लेकराला चिमटीत काही धरता येत नाही. ते अख्खी मूठ आवळतं. मुठीत गेलेला भाग त्याला खाता येत नाही, कारण मूठ उघडायची कशी हे अजून कळलेलं नसतं. म्हणून मुठीबाहेर उरेल एवढी लांबी हवी. अंगठा आणि पहिलं बोट जुळवून दाणा उचलणं येतं आठव्या-नवव्या महिन्यानंतर. मला हे प्रशिक्षणात चित्रं दाखवून सांगितलं. आजीनं पोरं पाहून ओळखलं होतं. ज्वारीचा आणखी एक गुण तिच्या हाताला माहीत होता. गव्हाच्या पोळीत चिवटपणा असतो. पोळीचा तुकडा लेकराच्या तोंडात लोळागोळा होतो. ज्वारीत तो चिवटपणा नाही. लाळेनं भिजली की ती ओढली जात नाही, भुगा होऊन विरते. काठ चोखून मऊ पडला की आजी तो काढून घ्यायची आणि दुसरा द्यायची. मऊ पडलेला स्वतः खाऊन टाकायची.

माझी आई धाकट्या भावाच्या वेळी त्याचे हात धरून ठेवायची आणि दुसऱ्या हातानं कण्यांची पेज भरवायची. आजी चुलीपुढून ओरडायची, "अवं, त्याचे हात काहून धरतं? सोड. खाऊ दे त्याले त्याच्या हातानं. तोंड त्याचं हाय ना?" आईला सांडण्याचा राग यायचा. दोघींचं त्यावरून रोज व्हायचं, आणि भाऊ मात्र पेजही खायचा आणि काठही चावायचा. हिरड्या शिवशिवायला लागल्या की हा काठच त्याचं औषध. शिजवून मऊ केलेली कोहळ्याची फोड, म्हणजे इतर ठिकाणी ज्याला लाल भोपळा म्हणतात ती, वरणफळातला शिजलेला कणकेचा तुकडा, बिया आणि साल काढलेली संत्र्याची फाक, असं एकेक मग पुढं येत जाई. वरूड-मोर्शीची संत्री आमच्याकडं हिवाळ्यात घरोघर असत. फाक सोलायला आम्हा मोठ्या पोरींना बसवलेलं असे, आणि एकही बी राहिली तर पाठीत धपाटा मिळे.

आता पोथ्यांकडं वळते, कारण आश्रमाच्या परिसरात आयुर्वेदाचं महाविद्यालय आहे आणि तिथल्या शिकणाऱ्या मुलींशी माझं या विषयावर बोलणं होत आलंय. गृह्यसूत्रांत अन्नप्राशन सहाव्या महिन्यात सांगितलंय. आपल्याकडच्या चालीत मुलाचं सहाव्या-आठव्या अशा सम महिन्यात आणि मुलीचं पाचव्या-सातव्या अशा विषम महिन्यात करतात. पण मुलांच्या वैद्यकाचा जो जुना ग्रंथ, काश्यपसंहिता, त्यात वेगळी वाट आहे. सहाव्या महिन्यात फळ आणि धान्य दहाव्यात. हे ऐकलं तेव्हा मला फार आनंद झाला. कुणीतरी फार पूर्वी लेकरू बारकाईनं पाहिलेलं दिसतं. एका दिवसाच्या विधीत सगळं उरकत नाही, तोंड, हात आणि पोट आपापल्या वेळेनं तयार होतात, हे त्याच्या ध्यानात आलं होतं.

पोथीतला शब्द घरात पोचतो तेव्हा त्याची वाट लागते, हेही मी पाहिलंय. उष्टावण मामाच्या हातचं. मामा कामाला सुरतेला किंवा पुण्याला, तो येणार दिवाळीला. तोवर लेकराला अन्न लावायचं नाही, असं मानणारी घरं होती. आठवा गेला, दहावा गेला, वर्ष भरलं, आणि लेकरू नुसतं अंगावर. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह लेकराला पुरत नाही, पोटात असताना साठवलेलं संपत येतं. वजनकाट्याला लावलेल्या झोळीत अशी लेकरं मी घातलीत. रडतही नसत, नुसती बघत. आजीच्या काळाचं मी कौतुक करते म्हणून हे लपवणार नाही. वेळेवर अन्न न लागल्यानं आमच्या जिल्ह्यातली किती लेकरं खचली, याचा हिशेब मामाच्या अंगठीपेक्षा मला जास्त मोलाचा वाटतो.

आमच्या शेजारच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथं गोविंदप्रभू राहिले, चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटांनी सांगितलेलं त्यांचं चरित्र मराठीतल्या सुरुवातीच्या गद्यापैकी आहे. त्यात गोविंदप्रभू कुणाच्याही घरात शिरतात, समोर दिसेल ते मागतात, हातानं उचलून खातात, मध्येच रुसतात, मध्येच पोरांबरोबर खेळतात. गाव त्यांना आई मानतं आणि बापही मानतं. मी ते चरित्र वाचते तेव्हा मला त्या घरांतल्या बाया दिसतात. न बोलावता आलेल्या माणसासमोर ताट सरकवणाऱ्या, त्यानं काय उचललं याकडं कौतुकानं पाहणाऱ्या. खाणाऱ्याच्या मर्जीवर विश्वास ठेवायची सवय वऱ्हाडातल्या बायांना किती जुनी आहे, याचा माझ्यापुरता पुरावा मला त्यात सापडतो.

घरात भरवण्याची साधनंही होती. तान्ह्याला दूध पाजायला शिंपली असे, आणि ऐपत असली तर नळीच्या तोंडाचं बोंडलं, पितळेचं नाहीतर चांदीचं. घुटीसाठी सहाण वेगळी; तिच्यावर बाळहिरडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, खारीक, बदाम यांचे वेढे मोजून उगाळायचे. ही सगळी साधनं मोठ्याच्या हातातली. लेकराच्या हातात काय द्यायचं, यासाठी मात्र कुठलं भांडं घडवलेलं नाही. ते काम भाकरीनं केलं.

आणि भाकरीनं ते का केलं, याचं उत्तर माझ्या मते कपाशीच्या वावरात आहे. १८५३ साली निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. १८६१ पासून अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस अडला, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी इकडं तोंड वळवलं. वऱ्हाडच्या काळ्या मातीत कपाशी आधीही होती, आता तिचं राज्य झालं. कपाशी पेरतो गडी, पण वेचते बाई. बोंड फुटलं की दिवाळीपासून पुढं वेचणीचे दिवस. मजुरी वेचलेल्या कापसाच्या वजनावर. कमरेला ओटी बांधलेली बाई किती वेळ चमचा घेऊन लेकरापुढं बसणार? लेकरू बाभळीला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत, आणि त्याला सांभाळायला सात-आठ वर्षांची बहीण. फडक्यात बांधलेली भाकर, कांदा, कोरडं बेसन. बहीण काठ मोडून लेकराच्या हातात द्यायची. आजी स्वतः अशी बहीण होती. तिची धाकटी दोन भावंडं तिनं वावराच्या बांधावर काठ देऊन वाढवली.

म्हणून मी आयांना सांगायचे की मांडीवर घेऊन घास घास भरवणं ही माया आहेच, पण त्यासाठी घरात एक रिकामं माणूस लागतं. आमच्याकडं ते माणूस नव्हतं. लेकराला त्याचे हात लवकर वापरू देण्याची चाल कष्टातून आली. कष्टातून आलेल्या सगळ्याच चाली चांगल्या नसतात. मुंबईत गिरणीत जाणाऱ्या बाया लेकरू दिवसभर झोपावं म्हणून अफूची बाळागोळी देत, आणि १९२० च्या दशकातल्या सरकारी चौकशीत ते प्रमाण पाहून अधिकारी हादरले होते. तीच अडचण, तोच रिकामा हात नसलेला संसार. वावरातल्या बाईजवळ लेकराला देण्यासारखी ज्वारीची भाकर तरी होती.

तीही नेहमी नव्हती. १८९६-९७ चा दुष्काळ आणि पाठोपाठ १८९९-१९०० चा, या दोन्हींत वऱ्हाड होरपळलं. कपाशीला पैसा होता, पण कपाशी खाता येत नाही. आजीच्या आईकडून आलेलं एक वाक्य आमच्या घरात राहिलं होतं, "वावर पांढरं झालं का चूल थंडी होते." त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला.

त्याच वर्षांच्या आसपास आमच्याच जिल्ह्यातल्या शेंडगावच्या डेबूजीनं, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांनी, मुलीच्या बारशाला दारू-मटणाच्या पंगतीला नकार दिला आणि गोडाचं जेवण केलं. भावकी रागावली. लेकराच्या नावानं घर कर्जात घालू नका, ही त्यांची शिकवण तिथून सुरू झाली. तुकडोजी महाराजांनी हेच काम भजनातून आणि पुढं ग्रामगीतेतून नेलं. ४१ अध्यायांच्या त्या ग्रंथात ग्राम-आरोग्याला वेगळा अध्याय आहे आणि महिलोन्नतीलाही. आमच्या गावात संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला बाया लेकरं घेऊन बसत. महाराजांच्या पुण्यतिथीच्या सोहळ्यात काल्याच्या दिवशी मांडीवरची लेकरं आयांच्या हातातल्या ज्वारीच्या लाह्या उचलताना मी लहानपणापासून पाहिलीत. लाहीचं फोलपट काढून, दह्यात भिजवून मऊ केलेली एकेक लाही. कोरडी लाही लेकराला देऊ नका, ते फोलपट घशाला चिकटतं. एवढं आजीकडून आलेलं सांगणं मी शेकडो आयांपर्यंत पोचवलंय.

१९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांच्या लेकरांना सुकडी मिळायची, गोडसर पिठी. रेशनला अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी. ती खपायची नाही, भाकर नीट थापली जायची नाही, पोटात दुखतंय म्हणायचे. सुकडी मात्र पोरांना आवडली. मूठ भरून घ्यायची आणि तोंडात उपडी करायची. त्यानं ठसका लागायचा, नाकातून पिठी यायची. मुकादमाची बायको पाणी शिंपडून तिचे मुटके वळून द्यायची. मुटका हातात धरता येतो, चावता येतो. सरकारचं खाणं लेकराच्या हाताजोगं करायला शेवटी बाईचीच अक्कल लागली.

अंगणवाडीची गोष्टही आमच्या जिल्ह्याशी बांधलेली आहे. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. महाराष्ट्रातल्या पहिल्या ठिकाणांत मुंबईतली धारावी होती आणि आमच्या जिल्ह्यातली, मेळघाटातली धारणी. ज्यांच्या कामातून अंगणवाडीची कल्पना आपल्याकडं रुजली, त्या ताराबाई मोडक लग्नानंतर काही वर्षं अमरावतीत राहिलेल्या. पुढं त्यांनी १९४५ साली अनुताई वाघांबरोबर बोर्डीला काम उभं केलं आणि नंतर कोसबाडला. मुलाला स्वतःच्या हातानं करू द्या, मोठ्यांनी मध्ये पडू नका, हे त्यांनी शिक्षणात आणलं. आम्हाला प्रशिक्षणात त्यांचं नाव शिकवलं ते बडबडगीतांसाठी आणि खेळांसाठी. मला वाटतं ते ताटापर्यंत यायला हवं होतं. ठोकळे स्वतः रचायचे, मणी स्वतः ओवायचे आणि वरणभात मात्र आईनं कोंबायचा, हे जुळत नाही.

मेळघाटानं आम्हाला फार कठोर गोष्टी शिकवल्या. नव्वदीच्या सुरुवातीला तिथल्या बालमृत्यूंच्या बातम्या देशभर गेल्या. कोरकू आयांना लेकराला काय द्यावं हे कळत नाही, असं सभांतून बोललं गेलं. मला ते कधी पटलं नाही. कोदो, कुटकी, सावा पिकवणाऱ्या बाईला धान्य कळतं. तिच्या घरात पावसाळ्यात ते उरत नाही, हा प्रश्न आहे. २०१५-१६ पासून आदिवासी भागात अमृत आहार योजनेत लेकरांना अंडं किंवा केळं देऊ लागले, ते मला सगळ्यात शहाणपणाचं पाऊल वाटलं. केळं आणि उकडलेलं अंडं दोन्ही लेकराच्या हातात देता येतं, दोन्हींत भेसळ करता येत नाही, आणि आईच्या डोळ्यासमोर ते लेकराच्याच पोटात जातं.

मोझरीसारख्या रस्त्यावरच्या गावात वेगळंच घडलं. इथं पाकिटं आली. आधी डब्यातलं गव्हा-तांदळाचं पीठ, मग दहा रुपयांचा पुडा. डबाबंद बाळखाण्याच्या जाहिरातींवर १९९२ च्या कायद्यानं आणि २००३ च्या दुरुस्तीनं बंदी आली. दोन वर्षांखालच्या लेकरांसाठीचं खाणं आता जाहिरातीत विकता येत नाही. पण मसाल्याचा कुरकुरीत पुडा लेकरांसाठी म्हणून विकायला नसतोच, त्यामुळं त्याला कुणी अडवत नाही. ज्वारी शिवारातून गेली, चुली गेल्या, भाकरीची जागा पोळीनं घेतली, आणि कुरकुरीत काठाची जागा पुड्यानं. लेकरू काही उपाशी राहिलं नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मात्र ६ ते २३ महिन्यांच्या लेकरांपैकी पुरेसा आहार मिळणारी देशात शंभरात जेमतेम अकरा निघाली.

मध्यंतरी भाचीचा पुण्याहून फोन आला. "मावशी, मी बाळाला बेबी-लेड वीनिंग करतेय. चमचा नाही, पेस्ट नाही, सगळं त्याच्या हातात. तुला काय वाटतं?" तिनं गिल रॅपली नावाच्या ब्रिटनमधल्या आरोग्यसेविकेचं २००८ सालचं पुस्तक वाचलं होतं. मी तिला म्हटलं, पुढं बोल. ती सांगत गेली आणि मला आजीचा आवाज ऐकू येत गेला. बोटाएवढे लांब तुकडे, ताठ बसलेलं लेकरू, मोठ्यांचा हात मागं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. गोष्ट खरी असली की ती कुठूनही येवो. भाचीला तिच्या सासरी कुणी ऐकत नव्हतं. पुस्तकानं तिला आधार दिला, हे मोठंच काम झालं.

त्याच बोलण्यातून मी अमेरिकेतल्या डॉ. क्लारा डेव्हिस यांच्या प्रयोगापर्यंत पोचले, आणि तो मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटतो. १९२६ साली त्यांनी नुकतंच अंगावरचं तोडलेली लेकरं घेऊन प्रयोग सुरू केला. सगळी मिळून ती पंधरा झाली. ३४ पदार्थ ठरवले. मांस, अंडी, दूध, धान्यं, भाज्या, फळं; सगळं साधं, साखर-मसाल्याशिवाय. त्यांतले काही दर जेवणाला वेगवेगळ्या वाट्यांत पुढं ठेवायचे. परिचारिकेनं काही सुचवायचं नाही, काही पुढं करायचं नाही. लेकरानं हात नेला तरच मदत. लेकरं हातानं खात, चमच्यानं खात, जमेल तसं खात. कुणी एकाच जेवणाला कितीतरी अंडी खाल्ली, कुणी कितीतरी केळी. पण महिन्यांचा हिशेब मांडल्यावर सगळी लेकरं निकोप वाढली होती. एकाला मुडदूस होता. त्याच्यापुढं माशाचं तेल ठेवलं, तर बरं होईपर्यंत ते आपणहून पीत राहिलं आणि मग सोडून दिलं.

पण डेव्हिसबाईंनी स्वतःच एक गोष्ट बजावून सांगितली होती. लेकराची निवड चांगली निघाली, कारण त्याच्यापुढं वाईट काही ठेवलेलंच नव्हतं. यादी मोठ्यांची होती. आजीच्या स्वयंपाकघरातही हेच होतं. तिथं ज्वारी, तूर, कोहळं, ताक, अंबाडीची भाजी एवढंच होतं, त्यामुळं "खाऊ दे त्याले त्याच्या हातानं" असं म्हणणं तिला परवडत होतं. आजच्या घरात तेच म्हणायचं तर आधी लेकराच्या हाताला येणाऱ्या फळीवरून पुडे हलवावे लागतील. हात लेकराचे, पण हाताशी काय ठेवायचं हे ठरवणं आपलं. हे दुसरं काम आपण दुकानदारावर सोडलं, यात माझ्या पिढीचाही दोष आहे.

आता बोरन्हाणाबद्दल, कारण तिथं माझं आयांशी भांडण होतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत लेकराला काळं झबलं घालून, हलव्याचे दागिने चढवून पाटावर बसवतात आणि डोक्यावरून चुरमुरे, बोरं, शेंगा, घाटे, उसाचे तुकडे ओततात. आमच्याकडं त्याला लूटही म्हणतात, कारण मोठी पोरं ते लुटतात. माझ्या आवडीचा सण. एका लुटीत मी नऊ-दहा महिन्यांच्या मुलीला पाहिलं. भोवती गलका, पोरांचे हात, आणि ती मात्र पाटासमोर पडलेल्या एका चुरमुऱ्याकडं टक लावून होती. एकदा पूर्ण पंजा टाकला, निसटला. दुसऱ्यांदा बोटं आखडली, निसटला. मग अंगठा आणि तर्जनी दोन्ही बाजूंनी हळूहळू जवळ आणून तिनं तो उचलला, डोळ्यांजवळ नेला आणि तोंडात टाकला. तिची आई कॅमेऱ्यात पाहायला सांगत होती. आयुष्यातली पहिली चिमूट होती ती.

पण त्याच पाटावर, त्याच चुरमुऱ्याशेजारी, आख्खं बोर पडलेलं होतं. बोराची आठळी, शेंगदाणा, फुटाणा, द्राक्ष, उसाचा गोल तुकडा, हे लेकराच्या श्वासनळीत बूच बसल्यासारखं बसतं. चार वर्षांपर्यंत आख्खा शेंगदाणा देऊ नये. बोरं ओतायचीच तर मोठ्या पोरांच्या बाजूला ओतावीत आणि पाटाभोवतीची लगेच वेचावीत. ठसका आणि अडकणं यांत आयांचा गोंधळ होतो. लेकरू लाल होऊन खोकतं, ओकारी काढतं, आवाज करतं, तोवर त्याचं तेच बाहेर काढतं. लहान वयात ओकारीची जागा जिभेवर पुढं असते, ती त्याची राखण आहे. त्या वेळी तोंडात बोट घालू नये. आवाज बंद झाला, ओठ निळसर झाले, तर लगेच हातावर पालथं घ्यावं, डोकं खाली, आणि दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहातानं पाच जोरदार थापा. नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध दोन बोटांनी पाच दाब. मग पुन्हा थापा. एकीनं हे करायचं आणि दुसरीनं मदतीला धावायचं.

२०१८ पासून पोषण अभियानात अंगणवाडीत अन्नप्राशन दिवस होतो. सहा महिने भरलेल्या लेकरांना बोलावतात, ओवाळतात, वाटी-चमच्यानं पहिला घास देतात. फार चांगलं आहे. मामाची वाट पाहण्याचा प्रश्न त्यानं पुष्कळ सोडवला. माझं मागणं एवढंच की वाटीशेजारी एक ताटलीही ठेवावी. तिच्यात ज्वारीच्या भाकरीचा बोटभर काठ, शिजवलेल्या कोहळ्याची लांब फोड, उभं चिरलेलं केळं. घट्टसर वरण वाटीत असू द्या, चमच्यानंच भरवा. हातानं खाणारं लेकरू सुरुवातीला पोटात कमी आणि अंगावर जास्त घेतं, म्हणून दोन्ही लागतं. आजीकडं एक गोष्ट कमी होती, ती आपण घालू: लेकराचे आणि आईचे हात साबणानं धुवायचे. मग लेकराला ताठ बसवायचं, ताटली पुढं सरकवायची आणि सगळ्यांनी जवळ बसून नुसतं पाहायचं.

आया म्हणतात, ताई, फार सांडतं हो. सांडतंच. खाली जुनं लुगडं अंथरा, जेवण झालं की अंगणात झटका. चिमण्या आहेत, कोंबड्या आहेत.